गारलेण्यातला बिनदिव्याचा देव

वैशाखातली सकाळ होती आणि खालापूरकडच्या त्या डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत माणसांची रांग लागली होती. कातळ असा तापला होता की अनवाणी माणसं नाचत नाचत वर चढत होती. चप्पल घालायला वरच्या महाराजांची बंदी होती. रांगेत म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या, आईला पाठुंगळी घेतलेला एक जवान होता आणि पनवेलहून गाडी करून आलेलं, काळे चष्मे लावलेलं एक कुटुंबही होतं. अंधश्रद्धा अडाण्यांनाच चिकटते असं ज्यांना वाटतं त्यांनी अशा रांगेत एकदा उभं राहून बघावं. वरून दर्शन घेऊन उतरणारा प्रत्येक जण ओंजळ पुढे करून दाखवत होता आणि ओंजळीत बर्फाचा खडा होता. कर्जत-खालापुरात, भर वैशाखात, डोंगराच्या पोटात बर्फ निघाला होता.

डोंगराच्या कुशीतल्या त्या गुहेला आसपासच्या वाड्या पूर्वीपासून गारलेणं म्हणत. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्यात राहण्यासाठी ते कोरलं. आत निजायचे दगडी ओटे, बसायचे कट्टे आणि मधोमध पाण्याचं टाकं. घाट चढून जाणारे व्यापारी तिथे टेकत असतील, भिक्खूंना दाणापाणी देत असतील. पुढे भिक्खू गेले, गुराखी आले, कोळसा पाडणारे आले, एखादा बिबट्याही राहून गेला असेल. एवढ्या सगळ्यांत कुणालाही तिथे बर्फाचा एक खडा दिसला नव्हता. गारवा मात्र होता, कारण जाड कातळाच्या आत बाहेरचं ऊन पोचत नाही.

बर्फ दिसला तो हिमगिरी महाराजांना. त्यांचं मूळ गाव विचारायचं नाही. हिमालयात वर्षानुवर्षं तप केलं असं ते सांगत. हिमालयात इतकी वर्षं काढलेला माणूस खालापुरात का उतरला, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे साधू दारी आला की वाटखर्च कुठून केला ते विचारायची रीत नाही. महाराज सांगत की हे लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलं, भीमानं हिमालयाचा एक कपचा काखेत मारून आणला आणि इथे ठेवला, कलियुगात पाप वाढलं म्हणून तो आत शिरला, आणि महाराजांनी हाक मारली म्हणून माघात पुन्हा वर आला. समोरचा शिकलेला दिसला की भीमाला बाजूला ठेवून महाराज मोबाईल काढत. त्यात परदेशातल्या बर्फाच्या गुहांची चित्रफीत होती, खरीखुरी. पुरातन काळी माणसं त्या गुहांत उतरलेली, त्यांच्या जळक्या मशाली बर्फात सापडलेल्या. मग महाराज म्हणत, "बघा साहेब, सायन्सपण मानतं." अर्धं खरं सांगणाऱ्या माणसाची थाप पकडणं फार कठीण जातं.

देव म्हणजे टाक्यात उभी असलेली बर्फाची पिंड. तिच्या पायाशी पांढरं धुकं पसरलेलं, गुडघ्याइतकं. लेण्यात तीन बंधनं होती. अनवाणी यायचं. देवापुढे साष्टांग घालून महाराजांचा मंत्र संपेपर्यंत उठायचं नाही. आणि दिवा, उदबत्ती, कापूर काहीही पेटवायचं नाही, कारण देव थंडाईचा, त्याला आग सोसत नाही. साऱ्या मुलखात बिनदिव्याचा हा एकच देव होता. त्याचंही लोकांना कौतुकच वाटलं. पिंडीभोवती भाताचं तूस सांडलेलं असे, तर बायका तेही पदरात बांधून नेत आणि घरच्या कणगीत टाकत. दाणा नसलेल्या तुसानं कणगी भरेल असं भातशेतीत जन्म गेलेल्या बायांना वाटावं, यावरून बाकीचं ओळखावं.

त्या दिवशी रांगेत पोशीरची संध्या होती. तिचा हात धरून तिची नऊ वर्षांची लेक समिधा होती, आणि मागे नवरा किरण, रजा टाकून आलेला. समिधाला लहानपणीच शुगर लागली होती. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, ते बाहेरून सुईनं द्यायचं, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. कर्जतच्या डॉक्टर हर्षला यांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं आणि संध्यानं ते मानलं होतं. किरण रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जायचा, सासू इंदूबाईंचे हात कापायचे, म्हणून सुई संध्याच टोचायची. लाईट गेली की फ्रीजमधली बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची. औषध गार पाहिजे, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. एकही वेळ तिनं चुकवली नव्हती.

मग एका सकाळी समिधा सापडेना. शेवटी ती कणगीमागे सापडली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिनं रडून गोंधळ घातला नाही. तिनं फक्त विचारलं, "आई, आजच्या दिवस नको. एक दिवस सुट्टी नाय का गं मिळत?"  तिनं सुई टोचली आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. त्याच दुपारी शेजारच्या गौराबाईंनी गारलेण्याची गोष्ट सांगितली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही तर महाराजांनी बर्फातून कोरून काढलेली काडी होती. किरण आधी उडवून लावत होता, पण गौराबाईंच्या मोबाईलवर फिरत आलेल्या महाराजांच्या त्या चित्रफितीनं त्यालाही गप्प केलं.

लेण्याच्या तोंडाशी आल्यावर अंगावर गार वारा आला आणि बाहेरच्या भट्टीतून आलेल्या संध्याच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. समिधा मात्र धुक्याकडे टक लावून बघत होती. आईचा पदर ओढून ती हळूच म्हणाली, "आई, ओमकारकाकाच्या लग्नात नवरा-नवरी आली तेव्हा असाच धूर सोडला होता." संध्यानं तिच्या दंडाला चिमटा घेतला. देवाच्या दारात असं बोलू नये, असं पोरीला वळण होतं. देवाच्या दारात डोळे उघडे ठेवावेत, असं वळण आपण कुणी लावतच नाही.

महाराज भिक्खूंच्या उंच कट्ट्यावर बसले होते. संध्यानं आजार सांगितला. महाराजांनी मान डोलावली आणि रक्तातली साखर म्हणजे आग, ती बर्फानं विझते, असं सांगितलं. सुई लोखंडाची, लोखंडानं देव उठून जातो, असंही सांगितलं. तेव्हा संध्या धीर करून म्हणाली की सुई बंद केली तर पोर हातची जाईल. महाराज हुशार होते. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला.

"बंद कशाला करतेस, बेटी? मी औषधाच्या आड येत नाही. औषध आण. देवाच्या अंगाला लावून ठेव. देव त्याला आपलं करील, मग सुईत देवच उतरेल."

संध्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. देवही राहिला, डॉक्टरही राहिल्या. आणि औषध गारच ठेवायचं ना, मग देवाच्या बर्फाहून गार जागा कुठली? पिशवीत चालू बाटली होती आणि नवीन सीलबंद बाटलीही होती. तिनं दोन्ही चेल्याच्या हातात दिल्या. चेल्याचं नाव नागू. त्यानं त्या पिंडीच्या बुडाशी धुक्यात ठेवल्या. तेवढ्यात साष्टांगाची वेळ झाली. सगळ्यांबरोबर समिधा खाली पालथी झाली. मंत्र लांबत गेला. महाराजांनी उठा म्हटलं तेव्हा दोघी-तिघी उठता उठता झोकांडल्या, एक म्हातारा धापा टाकत भिंतीला टेकला, आणि समिधाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती. महाराज म्हणाले, रोग झगडतोय. लोकांनी जयजयकार केला.

बाटल्या परत मिळाल्या तेव्हा त्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या आणि बोटांना चिकटत होत्या. संध्यानं त्या कपाळाला लावल्या. घरी येईस्तोवर औषध पुन्हा पातळ झालं. त्यात बारीक कण तरंगत होते, काही काचेला धरून बसले होते. बाटली तळव्यांत घोळवूनही ते विरघळेनात. संध्याला वाटलं, देवाचे कण आले. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसंच मोजून तिनं औषध सुईत ओढलं आणि टोचलं, आणि पोरीला म्हणाली की आता थोडेच दिवस.

समिधाला तहान लागू लागली. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची, पुन्हा मागायची. अंथरूण ओलं होऊ लागलं. बोटातल्या रक्ताची तपासणी करायचं यंत्र घरात होतं, त्यावर आकडे चढत होते. किरणनं गारलेण्यात फोन लावला, तर नागूनं महाराजांचा निरोप दिला: जाण्याआधी रोग वर येतोच, आणि मोजू नका, देवाला मोजमाप चालत नाही. किरणनं यंत्र फडताळात ठेवलं आणि पाळीवर गेला. तोही बापच होता. आकडा बघवत नव्हता, आणि न बघण्याची परवानगी आयती मिळाली होती.

संध्या सुई टोचत राहिली. हे नीट लक्षात घ्या, कारण नंतर गावानं तिला औषध बंद करणारी बाई म्हणून नावं ठेवली. तिनं एकही सुई चुकवली नाही. ती बरोबर वेळेला, बरोबर जागी, बरोबर मापानं टोचत होती आणि पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती. पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या. श्वास खोल आणि जोराचा येऊ लागला, जणू ती डोंगर चढतेय, आणि तोंडाला जास्त पिकलेल्या फळाचा वास यायला लागला. इंदूबाई म्हणाल्या, प्रसादाचाच वास हाय. संध्यालाही तसंच वाटावं अशी तिची फार इच्छा होती, पण ती पोरीजवळून हलेना.

किरण कामावर होता. संध्यानं गल्लीतल्या मोरूचा टेंपो बोलावला, समिधाला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, गारलेण्यात. दोन्ही बाटल्या तिनं पदराच्या गाठीत बांधून घेतल्या होत्या. तिला वाटत होतं, देवाचं काहीतरी राहिलंय, आपलंच काही चुकलंय. पुन्हा पाय धरले की देव ऐकेल. पोशीरहून खालापूरकडे जायचं तर कर्जतवरूनच जावं लागतं. कर्जतच्या चारफाट्याला मोरूनं टेंपो हळू केला. आरशातून त्यानं पोरीकडे बघितलं आणि वळणावर थांबलाच.

"वयनी, खरंच डोंगरावर नेऊ? पोरीची दशा बघितलीस का?"

 समिधानं डोळे उघडले. ओठ सुकून चिकटले होते.

"आई, वर नको," ती म्हणाली. "तिथं खाली निजलं का श्वासच येत नाय."

तिथे तोंड उघडं टाकून पोर हेच सांगत होती, आणि आपण रोग झगडतोय म्हणून जयजयकार करत होतो, हे संध्याच्या मनात आलं. देव रागावेल ही भीती तशीच होती. पण मांडीवरचा श्वास देवाच्या भीतीहून मोठा होता. ती म्हणाली, "मोरूभाऊ, दवाखान्यात घे."

दवाखान्यात डॉक्टर हर्षला यांनी तोंडाचा वास घेतला, रक्त तपासलं आणि लगेच कामाला लागल्या. सलाईन, इन्सुलिन, दर थोड्या वेळानं रक्त. रक्तात आम्ल साचलं होतं. आणखी उशीर झाला असता तर पोर शुद्धीवर आली नसती. संध्या दाराबाहेर फरशीवर बसून होती. कुणी खुर्ची दिली तरी बसली नाही. समिधाचा श्वास थोडा हलका झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं की सुया किती दिवस बंद आहेत.

"एकबी नाय चुकवली," संध्या म्हणाली.

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. अशा दाराबाहेर अशी उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली होती. तेव्हा संध्यानं पदराची गाठ सोडली आणि दोन्ही बाटल्या त्यांच्या हातावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्या उजेडात धरल्या, घोळवल्या, पुन्हा धरल्या. मग त्या संध्याशेजारी फरशीवरच बसल्या.

"हे औषध गोठलं होतं," त्या म्हणाल्या. "गोठलं की मरतं. पुन्हा पातळ झालं तरी त्यात जीव नसतो. संध्याताई, तुम्ही पोरीला इतके दिवस नुसतं पाणी टोचत होतात. कुठे ठेवल्या होत्या?"

संध्यानं फ्रीज म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, चुकून बर्फाच्या कप्प्यात? ती हो म्हणाली. मग तिनं दारातून पोरीकडे बघितलं. आणि तिनं खरं सांगितलं, लेणं, महाराज, पिंड, सगळं. आता ही बाई आपल्याला हाकलेल, असं तिला वाटत होतं. डॉक्टर रागावल्याही असतील. पण त्या एकाच गोष्टीवर अडल्या.

"तुम्ही त्या नुसत्या बर्फाला टेकवल्या होत्या? आणि बर्फ वितळत होता?"

पाणी ठिबकत होतं, संध्या म्हणाली. डॉक्टर उठून गेल्या आणि एका भांड्यात बर्फ आणि थोडं पाणी घालून घेऊन आल्या. निकामी झालेली एक बाटली त्यांनी त्यात खुपसली आणि भांडं खिडकीत ठेवलं. दुपार सरली. बर्फ घालत राहिले, बाटली गार पडली, पण औषध काही गोठलं नाही. किरण कामावरून धावत आला होता, तोही बघत होता. डॉक्टरांनी मग समजावलं. बर्फ वितळत असतो तोवर तो शून्याच्या खाली उतरत नाही, आणि औषध गोठायला त्याहून खाली जावं लागतं. बाटली दगड झाली, याचा अर्थ पिंडीच्या बुडाशी साध्या बर्फाहून कितीतरी गार असं काहीतरी पुरलेलं आहे. परदेशातल्या बर्फाच्या गुहा खऱ्या आहेत, पण तिथे हिवाळ्याची गोठवणारी हवा गुहेत उतरून अडकते आणि उन्हाळ्यातही निघत नाही. आपल्या कातळाच्या पोटात बारा महिने माघातल्या दुपारसारखी हवा असते. तिथे बर्फ टिकणारच नाही, तयार होणं दूर राहिलं.

"आणि तिथे दिवा का लावू देत नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

देवाला आग सोसत नाय, असं संध्या सवयीनं म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. लग्नातला धूर. खाली निजलं का श्वास येत नाय. पोर दोनदा सांगून गेली होती. किरणनं कपाळावर हात मारला. तो रोज कारखान्यात वायूंच्या टाक्यांशेजारी उभा राहणारा माणूस होता आणि आपल्या पोरीला त्यानंच तिथे पालथं घातलं होतं.

समिधा धोक्याबाहेर आली. अजून ती वॉर्डातच होती, उशाशी इंदूबाई बसल्या होत्या आणि सुनेशी बोलत नव्हत्या. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं आणि गारलेण्यात जायच्या दिवशी बरोबर दोन हवालदार घेतले. डॉक्टरांचं म्हणणं, बोलायचं काम मी करते. संध्या म्हणाली, तुमचं कोन ऐकंल? तुमी दवाखान्याच्या. मी रांगेतली हाय.

त्या दिवशी रांग नेहमीपेक्षा मोठी होती. संध्या अनवाणी चढली, सगळ्यांसारखी, मागोमाग डॉक्टर, किरण आणि हवालदार. तिच्या हातात पूजेचं ताट होतं, ताटाला सुतळीचे फास आणि ताटात तुपाचं निरांजन. देवापुढे आल्यावर तिनं काडी ओढली. नागू अंगावर धावला, पण लेण्यात हवालदारांचे खाकी कपडे पाहून तिथेच थबकला.

महाराज कट्ट्यावरून म्हणाले, "बेटी, देवाला आग चालत नाही."

"ठाव हाय, महाराज. पन का चालत नाय तेवढं बघायचंय."

तिनं सुतळी सोडत ताट खाली नेलं. कमरेशी ज्योत स्थिर होती. मांडीशी स्थिर होती. धुक्याला ताट टेकलं आणि ज्योत विझली, कुणी चिमटीत धरून विझवावी तशी. तिनं ताट वर घेतलं, पुन्हा पेटवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तिथेच विझली. गर्दीत कुजबुज झाली. महाराजांना संधी दिसली. हात उंचावून ते म्हणाले, पाहिलंत, देव आग गिळतो! काही जणांनी हात जोडलेही. तिसऱ्यांदा ताट खाली सोडायच्या ऐवजी संध्यानं ते जमिनीवर ठेवलं आणि कट्ट्यासमोर उभी राहिली.

"महाराज, तुमी आमाला सगळ्यांना साष्टांग घालाया लावता. आज तुमी घाला. मंतर मी म्हनते."

 महाराज हसले. गुरूनं साष्टांग घालायचा नसतो म्हणाले. त्यांची कंबर धरलीय म्हणाले. आज एकादशी नाही म्हणाले. एका माणसानं एका दमात इतकी कारणं दिली की त्यातलं एकही खरं नसतं, हे पोरंटोरंही जाणतात. मागून एक म्हातारा बोलला, "घाला की महाराज. आमी घालतो, आमाला काय कंबर नाय?" पण महाराज कट्ट्यावरून खाली उतरेनात. माघापासून तिथे बसलेला तो माणूस स्वतःच्या देवापुढे एकदाही वाकला नव्हता, आणि ते त्या क्षणापर्यंत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मग हवालदारांनी लोकांना बाहेर काढलं, वारा खेळू दिला आणि किरणनं तोंडाला फडकं बांधून टाक्यातलं तूस उपसलं. तुसाखाली थर्माकोलच्या पेट्या निघाल्या आणि पेट्यांत पांढरे, धूर ओकणारे ठोकळे. डॉक्टरांनी हात लावू दिला नाही. हा सुका बर्फ, त्या म्हणाल्या. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू, दाबून गोठवलेला. साध्या बर्फाहून इतका गार की कातडी भाजते. तो वितळून पाणी होत नाही, सरळ वायू होतो, आणि तो वायू जड असल्यामुळे खाली साचतो. त्यात दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. उभ्या माणसाला कळत नाही, पालथ्याला कळतं, आणि लहान पोराला सगळ्यात आधी. पिंड साध्या बर्फाची, भोवती हा ठेवला की ती उन्हाळ्यातही टिकते. तूस कशाला, तर गारवा धरून ठेवायला. पहाटे भाताची पोती म्हणून हा माल वर चढायचा. महाराजांनी पुढे चौकीत कबूल केलं की कर्जतकडच्या लग्नाच्या लॉनवर नवरा-नवरीला ढगांतून चालवायचं काम ते करायचे. तिथे सोडलेल्या ढगांत नवरा घटकाभर देव व्हायचा, इथे त्यांनी स्वतःला करून घेतलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

कथेत इथे लोकांनी डॉक्टरांचा जयजयकार करायला हवा. तसं काही झालं नाही. काही जणांनी पिंड बाहेर ओढून फोडली आणि खडे पायाखाली तुडवले. काही जण संध्यालाच बोल लावत होते, चांगला चाललेला देव घालवलास म्हणून. बरेच जण नुसते बसून राहिले, तापलेल्या कातळावर, घरी जायचं सुचत नसल्यासारखे. त्यांच्यात एक बाई होती, पारू नावाची, वाडीवरची. तिच्या कुशीतल्या मुलाला फिट यायची. मुलाच्या गोळ्या देवाच्या पायाशी ठेवून ती रोज त्याला धुक्यात निजवत होती. हे कळल्यावर डॉक्टर तिला सांगू लागल्या की गोळ्या थांबवू नको, याला मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं, असं अंधश्रद्धेच्या मागे लागू नको. पारूनं सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "बाई, दवाखान्यात नेला व्हता मी. तिथं कागुद दिला नि पुढं सरक म्हनले. ह्या म्हाराजानं माझ्या पोराचं नाव इचारलं. तुमच्यात कोनी इचारलं नाय."

मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला काढलेलं पेन डॉक्टर हर्षला यांनी परत पर्समध्ये ठेवलं.  

बुद्धी वापरा, हे सांगायला सोपं आहे आणि तेच सांगायला ही गोष्ट लिहिली. जो देव प्रश्न विचारू देत नाही, दिवा लावू देत नाही, मोजू देत नाही, त्याच्यापुढे लेकरू निजवू नका. जो माणूस तुम्हाला वाकायला लावतो, त्याला आधी स्वतः वाकायला सांगा. विज्ञानाला हात जोडायची गरज नाही, हात लावून बघायची आहे. पण एवढं सांगून आपण डोंगर उतरून गेलो, तर ती रांग उद्या दुसऱ्या डोंगरावर लागेल, कारण लेकरू तर कुशीत तसंच आहे आणि त्याला घेऊन कुठेतरी जायलाच हवं.

संध्या पारूशेजारी कातळावर बसली. कातळ भाजत होता, ती हलली नाही. तिनं मुलाच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"नाव काय गं ह्याचं?"

"वाल्मिक."

"माझी समिधा. कर्जतला वॉर्डात हाय," संध्या म्हणाली. "ह्या देवानं मारली व्हती, थोडक्यात वाचली. ऊठ, मी येते तुझ्यासंगं. कागुद वाचून हुईस्तोवर आनि त्येंनी ह्याचं नाव इचारीस्तोवर मी तिथनं हलायची नाय."

पारू लगेच उठली नाही. तिनं एकदा फुटलेल्या पिंडीकडे बघितलं, मग संध्याकडे. मग मूल काखेला मारलं, आणि दोघी उन्हातून डोंगर उतरू लागल्या.